११ किलोचा ‘प्रवासी’ कॉम्प्युटर: ॲडम ऑस्बोर्न यांची गोष्ट

वीकेंडला कोलाडला राफ्टिंगचा प्लॅन आहे, पण सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय. महागडा लॅपटॉप न्यायची भीती वाटते आणि मोबाइलवर दहा पानं टाइप होत नाहीत. अशा वेळी छोटा, स्वस्त लॅपटॉप कामाला येतो. ट्रेनमध्ये मांडीवर मावतो, ओरखडा पडला तरी जीव वरखाली होत नाही.

प्रवासात नेता येईल असा, खिशाला परवडणारा कॉम्प्युटर विकून दाखवला तो ॲडम ऑस्बोर्न यांनी. आणि त्यांचं भारताशी जवळचं नातं होतं.

तमिळनाडूतलं बालपण

ऑस्बोर्न यांचा जन्म १९३९ चा, बँकॉकचा. वडील ब्रिटिश, आई पोलिश. दोघेही रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे ॲडम लहानपणी तिरुवण्णामलैला राहिले आणि कोडाईकनालला शिकले. अकराव्या वर्षी ते इंग्लंडला गेले. तिथे केमिकल इंजिनिअरिंग केलं, मग अमेरिकेत पीएच.डी. काही काळ तेल कंपनीत नोकरीही केली. पण खरं नाव झालं ते कॉम्प्युटर सोप्या भाषेत समजावणाऱ्या पुस्तकांमुळे. म्हणजे आपल्यासारखे एक्सप्लेनरच की!

ऑस्बोर्न १

एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ‘ऑस्बोर्न १’ आणला. डिझाइन ली फेल्सेनस्टाइन यांचं. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन फक्त ५ इंच, म्हणजे तुमच्या मोबाइलपेक्षा लहान. मेमरी ६४ केबी. आज एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. आत बॅटरी नव्हती, त्यामुळे प्लग शोधावा लागायचा. पण झाकण लावलं की सुटकेससारखा उचलता यायचा आणि विमानात सीटखाली बसायचा.

किंमत १,७९५ डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण १५ हजार रुपये. सोबत लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क. ही सॉफ्टवेअर वेगळी घेतली असती तर त्यांचंच बिल मशीनच्या जवळपास गेलं असतं. ऑस्बोर्न यांचा हिशेब सरळ होता: सगळ्यात भारी नको, काम भागलं पाहिजे. तो लोकांना पटला आणि एका टप्प्यावर महिन्याला १०,००० मशीन विकली गेली.

घाई नडली

१९८३ मध्ये त्यांनी पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू केली. नवीन येतंय म्हटल्यावर जुनं कोण घेणार? ऑर्डर थांबल्या. त्यात केप्रो आणि आयबीएमच्या जातीच्या मशीनची स्पर्धा. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अशा चुकीला आजही ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात, पण कंपनी बुडाली ती केवळ त्यामुळेच, हे सगळ्यांना मान्य नाही.

नंतर त्यांनी स्वस्त सॉफ्टवेअरची कंपनी काढली. तिथे लोटस कंपनीने कोर्टात खेचलं आणि १९९० मध्ये ते हरले. तब्येत ढासळल्यावर १९९२ मध्ये ते भारतात परतले. १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनालमध्येच त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

प्रवासासाठी लॅपटॉप घेताना त्यांचाच हिशेब लावा. लिहिणं, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढं नीट चालतंय? वजन पाठीला झेपतंय? बॅटरी दिवसभर पुरतेय? मग पुढच्या मॉडेलची वाट बघत बसू नका. आणि हो, कुंडलिकेत उतरताना तो मुक्कामाच्या खोलीतच ठेवा!