ठगाला बोलते करणारा साहेब

रत्नागिरीचे नगर वाचनालय निघाले १८२८ साली. त्याच सुमारास सह्याद्रीपलीकडे, निजामाच्या मुलखात, जेमतेम विशीचा एक इंग्रज पोलीस अधिकारी घोड्यावरून गावे पालथी घालत होता. वाटसरूंची प्रेते सापडत होती, मारेकऱ्यांचा पत्ता नव्हता. आता छडा लागणार असे वाटत असतानाच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. ठगांचा बीमोड केल्याचे श्रेय पुढे स्लीमनला मिळाले. फिलिप मेडोज टेलरला याची रुखरुख लागून राहिली. त्याचे नाव राहिले ते मात्र एका ठगाच्या कादंबरीमुळेच.

टेलर लिव्हरपूलचा, जन्म १८०८ चा. पंधराव्या वर्षी तो मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला आणि पाहतो तर व्यापारी स्वतःच बुडीत! ओळखीने निजामाच्या फौजेत जागा मिळाली. शाळा अर्धवट सुटलेली. इथल्या भाषा, जमिनीची मोजणी, कायदा, सारे त्याने आपले आपण शिकून घेतले.

पुढे हैदराबादेत पकडलेल्या ठगांच्या जबान्या त्याने ऐकल्या. त्यात आपल्या हिंगोलीचा हरिसिंग होता. छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला. या गृहस्थाने मुंबईहून कापड आणायचे म्हणून साहेबाकडून रीतसर परवाना घेतला, ज्याचे कापड वाटेवर होते त्या व्यापाऱ्याला नोकरचाकरांसकट मारले आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघड विकला. पकडल्यावर स्वतःच हे हसत हसत सांगितले.

हे हसू टेलरने नेमके पकडले. १८३९ साली लंडनला तीन खंडांत निघालेल्या त्याच्या कादंबरीत अमीर अली स्वतःच आपली कहाणी सांगतो. साहेब बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतो. अमीर अली अदबशीर, रसिक, बोलण्यात मिठ्ठास. धंदा रुमालाने गळा आवळण्याचा. आधी शकुन पाहायचे, वाटसरूशी गोडीगुलाबीने ओळख वाढवायची, मग खूण होताच फास. बळींचा हिशेब ७१९. बारा वर्षे तुरुंगात फुकट गेली नसती तर हजार भरले असते, ही त्याची खंत! वाचक हसतो आणि हसल्याबद्दल चरकतो. शेवटी त्याने आपल्या सख्ख्या बहिणीलाही न ओळखता मारल्याचे कळते, तेव्हा हसू संपते. व्हिक्टोरिया राणीला छपाई पुरी होईपर्यंत धीर नव्हता. तपासून होतील तशी पाने तिने मागवून घेतली.

अलीकडचे इतिहासकार या जबान्यांकडे संशयाने पाहतात, ते रास्तच आहे. माफीचा साक्षीदार साहेबाला हवे ते सांगणारच, कारण फास आता त्याच्या गळ्याजवळ असतो. टेलरने ठगांची दहशत विलायतेत घरोघरी नेली, हा दोष त्याच्या पदरी घालावाच लागेल. पण मारेकऱ्याला राक्षस न करता माणूस म्हणून बोलू दिले, हेही त्याचेच.

खुद्द त्याच्या आयुष्यातला कठीण प्रसंग पुढेच होता. १८४१ पासून तो सुरपूर संस्थानावर होता. तिथला बालराजा व्यंकटप्पा नायक त्याला अप्पा म्हणे. १८५३ मध्ये संस्थान राजाच्या हाती देऊन टेलर नळदुर्गला आला. तिथल्या किल्ल्यात राहून त्याने जिल्ह्याचा कारभार केला. तुळजापूरचा तो परिसर आणि अफझलखानाचे प्रकरण पुढे त्याच्या ‘तारा’ कादंबरीत आले. १८५८ मध्ये राजाने बंड केले, पकडला गेला, फाशीची शिक्षा झाली. तुरुंगात भेटायला गेला तो अप्पाच. शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. टेलरला हायसे वाटले असेल. पण कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच राजा पिस्तुलाच्या गोळीने मेला. अपघात की आत्महत्या, उलगडा झाला नाही.

टेलर १८६० मध्ये निवृत्त झाला. १८७५ च्या सुमारास त्याची दृष्टी गेली आणि तो पुन्हा हिंदुस्थानात आला. परतीच्या वाटेवर, मे १८७६ मध्ये, फ्रान्समधल्या मांतों गावी तो वारला. आत्मचरित्र मुलीने पुढल्या वर्षी छापले. त्यात सुरपूरच्या पोराविषयी पानेच्या पाने आहेत, अमीर अलीविषयी फार थोडे.