आउट्रमचे वाघ आणि आपली भाकरी

पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकाकाठी आम्ही मुले खेळायचो. दिवेलागणीच्या आत घरी आलो नाही तर वाघ येईल, असे आजोबा दटावायचे. वाघ काही कधी आला नाही. आजोबांनीही तो पाहिलेला नव्हता. ही धमकी त्यांना त्यांच्या आजोबांकडून मिळालेली होती. पण खानदेशात असा काळ खरोखरच होऊन गेला. १८२२ सालच्या अवघ्या काही महिन्यांत श्वापदांनी पाचशे माणसे आणि वीस हजार गुरे मारल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे.

या वाघांच्या गोष्टीत एका साहेबाचे नाव हमखास निघते. जेम्स आउट्रम. जन्म १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. वडील बेंजामिन हे कालवे आणि रूळमार्ग बांधणारे नामांकित इंजिनिअर. पण मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते वारले आणि घराची ओढाताण सुरू झाली. अंगाने लहानखुरा असलेला हा पोरगा १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारायला त्याला खानदेशात पाठवले गेले. ठाणे होते धरणगावला, म्हणजे पारोळ्याहून एरंडोलमार्गे आपल्या शेजारीच.

कंपनी सरकारवर भिल्लांचा विश्वास नव्हता आणि त्याला कारणेही होती. आउट्रम त्यांच्यात एकटा, हत्याराविना जाऊन राहिला. मने जुळली ती शिकारीत. एकदा सोबतच्या भिल्लांनी पगड्या एकमेकींना गाठून त्याला झाडावरून खाली सोडले आणि अधांतरी लोंबकळत त्याने वाघ टिपला, अशी कथा त्याच्या चरित्रात येते. दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या आसपास वाघ मारले.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना ऊर भरून यायचा. पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा एका निराळ्याच प्रश्नाने मला गाठले. एवढे वाघ खात काय होते?

आपल्या आज्यांच्या घरातली मडक्यांची उतरंड आठवा. तळाशी मोठा रांजण, वर जावे तसे मडके लहान. निसर्गातले अन्न असेच रचलेले आहे. तळाशी गवत आणि झाडेझुडपे. अंगावर पडणाऱ्या उन्हातला जेमतेम शंभरावा भाग ती अन्नात साठवतात. ते गवत हरिण खाते; पण श्वास, धावपळ आणि अंगाची ऊब यांत बरेचसे खर्ची पडते, काही शेणालेंड्यांतून जाते. मांसात उरतो ढोबळमानाने दहावा हिस्सा. हरणाकडून वाघाकडे जाताना पुन्हा दहावाच. रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाने एका तळ्याचा असा जमाखर्च मांडला. १९४२ मध्ये तो लेख छापून येण्याआधीच, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला.

वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरे लागतात. कळप न आटता एवढी मिळायची, तर मागे पाचशे जनावरे हवीत. खानदेशात एका वेळी शंभरच वाघ होते असे धरले, तरी पन्नास हजार जनावरे झाली! आणि त्यांना पुरेल एवढा चारा.

हा चारा आला कुठून? १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली आणि पेरत्या जमिनीत गवत आणि झुडपे माजली. माणसाच्या वाट्याचे ऊन हरणांकडे गेले, त्यांच्यातून वाघांकडे. माणसाच्या हालांवरच वाघ वाढले होते.

आउट्रम १८३५ मध्ये खानदेशातून गेला. सिंधमध्ये सर चार्ल्स नेपिअरशी त्याचा मोठा वाद झाला, १८५७ मध्ये तो लखनौला लढला आणि १८६३ मध्ये फ्रान्समधल्या पो गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरले. नेमक्या त्याच सुमारास इकडे खानदेशात रूळ पडत होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा भाव भडकला होता. पडीक रानात नांगर घुसला, गवत गेले, गवताबरोबर हरणे गेली. वाघ सातपुड्याच्या आणि डोंगरांच्या आश्रयाला सरकले.

आउट्रमच्या बंदुकीने दोनशे वाघ पडले. पण वाघ मेले तरी त्यांची जागा भरून निघते, तळाचा रांजण शाबूत असेल तर. तो रांजण आम्ही उचलला. माझ्या पणजोबांनी मोडलेल्या रानातल्या ज्वारीवर आमचे घर वाढले, आणि ते रान वाघाचे होते. याची लाज वाटावी असे मी म्हणत नाही. पोरांना उपाशी ठेवून वाघ जगवा, असे कोण सांगेल? पण वाघ आउट्रमनेच संपवले, असे मी आता वर्गात सांगत नाही.

आज मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या परिसरात थोडे वाघ उरले आहेत. तिथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कधी कधी ते केळीच्या बागांतही दडतात. त्यांना वाचवायचे तर आधी गवत वाचवायला हवे, आणि ते राखायचे म्हणजे आपल्या बांधाशी कुठेतरी हात आखडावा लागेल. कळण्याची भाकरी मोडताना हा हिशेब मनात येतो. तो अजून मला सोडवता आलेला नाही.