झऱ्यापर्यंतची वाट

डोंगरवाटांवर धावणाऱ्यांची संख्या वाढली, तसे बाह्यरुग्ण विभागात येणारे प्रश्नही बदलले. पूर्वी गुडघा आणि घोटा दाखवायला माणसे येत. आता एखादा तरुण विचारतो, धावून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसावे का? दुसरा विचारतो, दिवसाला किती लिटर पाणी प्यायचे? दोन्ही प्रश्नांचा माग काढत गेलो, तर आपण आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका डोंगरगावात पोहोचतो. गावाचे नाव येसेनिक. त्याच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोड्या अधिक उंचीवर, ग्रेफेनबर्ग नावाची शेतकऱ्यांची वस्ती होती. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. तिथे ४ ऑक्टोबर १७९९ रोजी व्हिन्सेंट्स प्रीसनित्स जन्मला.

घर शेतकऱ्याचे. वडिलांची दृष्टी गेली आणि कामाचा भार पोरवयातच त्याच्यावर आला, त्यामुळे शाळा जेमतेम झाली. एक जखमी हरीण रोज झऱ्यावर येऊन जखम पाण्यात बुडवताना त्याने पाहिले, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, त्या भागातले शेतकरी मुरगळलेल्या हातापायावर ओल्या फडक्याची पट्टी बांधतच असत.

सतरा-अठरा वर्षांचा असताना घोडे उधळले आणि भरलेली गाडी त्याच्या अंगावरून गेली. बरगड्या मोडल्या. शल्यचिकित्सकाने आशा सोडली, निदान हा पुन्हा कष्टाच्या कामाचा राहणार नाही असे सांगितले. मुलाने ती पट्टी काढून टाकली. खुर्चीच्या कडेवर पोट दाबून, श्वास रोखून त्याने छाती फुगवली, बरगड्या आपल्या परीने जागेवर आणल्या आणि छातीभोवती ओली फडकी गुंडाळली. तो बरा झाला. मोडलेल्या बरगड्या बहुतेक वेळा आपापल्या जुळतात, हे आज आम्हाला ठाऊक आहे. फुप्फुसाला इजा झाली नाही हे त्याचे नशीब. पण त्याच्या जागी मी असतो, तर मीही श्रेय पाण्यालाच दिले असते.

शेजारचे लोक येऊ लागले. १८२२च्या सुमारास त्याने वडिलांचे घर नव्याने बांधून तिथे रुग्णांची सोय केली. तो औषध देत नसे. स्पंज, फडकी आणि थंड पाणी, एवढाच सरंजाम. अडचण नेमकी तिथूनच सुरू झाली. याच परिसरात सतराव्या शतकात चेटकिणी ठरवून बायकांना जाळले होते. आता कुजबुज सुरू झाली, की पोराच्या स्पंजात काहीतरी आहे. गावच्या वैद्यांनी भोंदूगिरीची तक्रार केली. स्पंज जप्त करून तपासले गेले, पण त्यात पाण्याखेरीज काही सापडले नाही. पुढे व्हिएन्नाहूनही चौकशी झाली आणि हा माणूस फसवत नाही, असाच निष्कर्ष निघाला. परवानगी मिळाली.

त्या तक्रारदारांची बाजू मला समजते. परवाना नसलेला माणूस रोगी तपासतो म्हटल्यावर आजही आम्ही तेच करू, आणि करायलाच हवे. पण त्या काळी परवानाधारकांकडे काय होते, तेही पाहावे. शिरा कापून रक्त काढणे, जळवा लावणे, पाऱ्याची औषधे, जुलाब. अशा उपचारांनी खंगलेला माणूस ग्रेफेनबर्गला आला आणि त्याचे हे सगळे एका दिवसात थांबले, तर नुसत्या थांबण्यानेही त्याला बरे वाटले असणार.

बाकी दिनक्रम सोपा नव्हता. पहाटे रुग्णाला ओल्या चादरीत आणि जाड कांबळ्यांत घट्ट गुंडाळत. घाम सुटला की तसाच उठवून थंड पाण्याच्या टाकीत उतरवत. मग अंग चोळायचे, कपडे चढवायचे आणि बाहेर पडायचे. जंगलात झरे होते. एकेका झऱ्यावर जाऊन पेला पेला पाणी प्यायचे. दिवसाला बारा पेले हा किमान हिशोब, काही उत्साही त्याच्या दुप्पटही पीत. अंगावर पाण्याची धार घेण्याच्या जागा मुद्दाम वर रानात केल्या होत्या. दहा ते वीस फुटांवरून पन्हाळीचे पाणी अंगावर कोसळे आणि त्यासाठी आधी डोंगर चढून जावे लागे. हिवाळ्यात पन्हाळीला बर्फाच्या सुया लोंबत, तरी सुट्टी नसे. जेवण साधे: जाडाभरडा पाव, दूध, लोणी, भाज्या, मांस. दारू, कॉफी आणि मसाले बंद. हवामान काहीही असो, चालायचे. चालून होत नसेल तर लाकडे फोडायची. इथे आलेले सरदार-उमराव सकाळी कुऱ्हाड घेऊन उभे असत, हे दृश्य पाहणाऱ्यांना गमतीचे वाटे.

तपासण्याची त्याची एक रीत मला महत्त्वाची वाटते. नवा रुग्ण आला की तो त्याला आधी थंड पाण्यात उतरवून त्याची त्वचा निरखत असे. ती लाल होऊन ऊब परत येते का, किती वेळात येते, यावरून पुढचा उपचार ठरे. ज्याला हे झेपणार नाही किंवा ज्याचा आजार हाताबाहेरचा आहे असे वाटे, त्याला तो परत पाठवी. नाडी, त्वचा आणि चालणे पाहून अंदाज बांधण्याची ही नजर कोणत्याही पदवीने मिळत नाही. पण हेही ध्यानात ठेवावे की, निवडून घेतलेल्या रुग्णांचे निकाल चांगलेच दिसतात.

आता मूळ प्रश्नांकडे येतो. अचानक अतिथंड पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत श्वास धापा टाकल्यासारखा होतो, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने चढतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचलेल्या असतील किंवा ठोक्यांची लय बिघडण्याची प्रवृत्ती असेल, तर हा धक्का जिवावर बेतू शकतो. धडधाकट माणसाला धावल्यानंतर थंड पाण्याने स्नायूंचे दुखणे थोडे कमी जाणवते, एवढे अभ्यासांतून दिसते. मात्र वजने उचलून स्नायू कमावणाऱ्याने रोज असे केले, तर स्नायूंची वाढ उलट मंदावते. पाण्याचे म्हणाल, तर २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीच्या अखेरीस तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेले आढळले. त्यातल्या तिघांचे तर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरले होते. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेले होते, त्यांना हा धोका अधिक होता. सोडियम फार उतरले की मेंदूला सूज येते. तहान लागेल तसे प्यावे, हे निरोगी धावपटूसाठी आजचे उत्तर. प्रीसनित्सच्या रुग्णांना बारा पेले बाधले नाहीत, कारण ते दिवसभरात विभागून आणि चालत चालत पोटात जात.

मग बरे कशाने वाटत होते? माझे मत सांगतो. औषधांचा मारा थांबला, दारू सुटली, झोप सुधारली, जेवण साधे झाले. पण सगळ्यात मोठे श्रेय मी त्या वाटेला देईन. झरा वर असल्यामुळे माणूस दिवसातून अनेकदा चढत-उतरत होता. चढावर हृदयाला काम पडते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्याने पाय बळकट होतात. खडबडीत जमिनीवर घोटा आणि तोल सांभाळणारे लहान स्नायू जागे राहतात. आमच्याकडे मधुमेहाच्या रुग्णाला रोज चाला म्हणून सांगितले, तर तो मान हलवतो आणि पुढच्या खेपेला तीच साखर घेऊन येतो. प्रीसनित्सने चाला असे सांगितले नाही. त्याने पाणी तिकडे आहे म्हणून सांगितले.

१८३९ साली तिथे दीड हजारांहून अधिक रुग्ण आले, त्यांत राजघराण्यांतले लोक होते आणि शिकायला आलेले डॉक्टरही शंभरावर होते. लेखक गोगोल येऊन गेला. इंग्लंडचे डॉ. जेम्स विल्सन इथे राहून परतले आणि १८४२ मध्ये डॉ. जेम्स गली यांच्यासह त्यांनी मॉल्व्हर्न या टेकड्यांच्या गावात असेच केंद्र उघडले. १८४९ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे काही महिने राहिला. ओल्या चादरी, थंड धारा आणि टेकड्यांवरचे चालणे यांनी त्याला बरेच बरे वाटले. या पद्धतीवर त्याचा विश्वास बसला तो इतका, की दोन वर्षांनी दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारी पडल्यावर त्याने तिला तिथेच नेले. एप्रिल १८५१ मध्ये ती मॉल्व्हर्नला वारली. पाण्याला आणि डोंगराला जिथे मर्यादा होती, तिथे ती अशी दिसली. अर्थात, त्या वर्षी तिला वाचवील असे औषध कोणाकडेच नव्हते.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला प्रीसनित्सही ग्रेफेनबर्गला वारला. वय अवघे ५२. ज्याने हजारोंना चालवले, त्याला स्वतःला दीर्घायुष्य लाभले नाही. शिष्यांपैकी बहुतेकांनी पाण्याचा नाद धरला, पट्ट्या आणि टाक्यांचे नवनवे प्रकार काढले. लाइपझिगच्या लुई कूने यांची कटिस्नाने याच परंपरेतली. ती गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतःवर करून पाहिली. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू झाले, त्याच्या मुळाशी हाही एक धागा आहे.

वाट उचलली ती म्युनिकच्या एका डॉक्टरने. माक्स योझेफ ओर्टेल हे मुळात घशाचे आणि स्वरयंत्राचे तज्ज्ञ. हृदयरोग्याने पडून राहावे, असा त्या काळचा दंडक होता. १८८०च्या दशकात ओर्टेल यांनी उलट सांगितले: त्याला चढ चालू द्या, पण मापून. बाड राइखनहालसारख्या डोंगरी आरोग्यस्थानांत चढाच्या तीव्रतेनुसार वाटांची प्रतवारी झाली, नकाशे निघाले, विसाव्याला बाकडी आली. रुग्णाने सोप्या वाटेपासून सुरुवात करायची आणि झेपेल तशी पुढची वाट घ्यायची. विशेष म्हणजे पाणी त्यांनी कमी प्यायला लावले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आज जो टप्प्याटप्प्याचा व्यायाम देतात, त्याची ही जवळची पूर्वज पद्धत.

येसेनिकच्या रानात आजही डझनावारी झरे दगडात बांधून, नावे देऊन राखलेले आहेत. कृतज्ञ रुग्णांनी देशोदेशींच्या नावे उभारलेली स्मारके वाटेत लागतात. हंगेरीच्या लोकांनी तर सिंह बसवला आहे. झाडांवर लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. आरोग्यस्थानापासून स्टुडनिच्नी या ९९२ मीटरच्या डोंगरमाथ्यापर्यंत सुमारे साडेतीनशे मीटरचा चढ पडतो. नवख्याने खालच्या भागातूनच फेरी मारून परतले तरी चालते.