ड्रॉइंग मास्तर ते कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



मुलगा अभ्यासात मागे पडला की आपण त्याला एखाद्या गॅरेजवर नेऊन बसवतो आणि शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी होते. (शिक्षक या नात्याने अशी नावे मीही कमी केली आहेत.) त्या दिवशी शाळेचा त्याच्याशी संबंध तुटतो, गॅरेजवाल्याचा शाळेशी तो कधी नव्हताच. म्हणून आज तुम्हांला अशा माणसाची हकीकत सांगतो, जो आधी मास्तर होता आणि मग कारखानदार झाला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होण्याचे राहिले. मग ते यंत्रांचे ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. १८८७ साली स्थापन झालेल्या या संस्थेला गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी भायखळ्याची इमारत दिली होती. गिरण्यांना जाणते कारागीर हवेच होते! शाळा व धंदा एकमेकांच्या कामी आल्याचे आपल्याकडील हे एक जुने उदाहरण होय.

फावल्या वेळात लक्ष्मणराव तेथील यंत्रे हाताळीत. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला गेले. तेथे १८८८ पासून दोघा भावांचे सायकलचे दुकान होतेच. मग कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना आपल्या संस्थानात आसरा दिला. कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने व सापांनी भरलेला माळ होता. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता मुख्य गोष्ट. या माळावर पदवीधर इंजिनिअर कोठून येणार? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक इंजिनिअर झाले. कारकून असलेले मंगेशराव रेगे व्यवस्थापक व मुख्य हिशेबनीस झाले. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या दोघांना तर लक्ष्मणरावांनी वसाहतीचे राखणदार नेमले! आधी कागदावर ड्रॉइंग, त्यावरून लाकडी नमुना, नमुन्यावरून वाळूचा साचा, साच्यात वितळलेले लोखंड, अशा रीतीने नांगराचा भाग घडतो. यातील एक माप चुकले तर पुढचे सारे वाया जाते. भूमिती इतकी कडक मी वर्गात शिकवू शकत नाही, हे कबूल करतो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ साली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. कारखान्याने उमेदवार घ्यावेत, त्यांना विद्यावेतन द्यावे आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. गॅरेजवर बसवलेल्या आपल्या मुलाच्या हाती कौशल्य येते, पण हा कागद येत नाही. मग दहा वर्षे काम करूनही तो हेल्परच राहतो.

आपल्या जालन्यात लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहे. आम्ही शिक्षकांनी नववी-दहावीची मुले तेथे न्यावीत, मिस्त्रींना कोणती मोजमापे लागतात ते विचारावे आणि तीच गणिते वर्गात घालावीत. पालकहो, तुम्हीही मुलाला कोठे कामाला लावण्यापूर्वी मालकाला चार गोष्टी जरूर विचारा: विद्यावेतन किती, तास किती, यंत्रापासून संरक्षणाची सोय काय, आणि परीक्षा कोण घेणार.