नारा येथील महाबुद्धांचे नेत्र उघडणारे भारतीय भिक्षू : बोधिसेन

जपानच्या यात्रेला जाणारे भाविक नारा या प्राचीन नगरीत आवर्जून जातात. इ.स. ७१० पासून ७८४ पर्यंतचा बहुतेक काळ ही जपानची राजधानी होती. तेथील तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीची वैरोचन बुद्धांची कांस्यमूर्ती आहे. या मूर्तीचे नेत्र प्रथम उघडले ते एका भारतीय भिक्षूने, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

दर्शनाची ओढ

बोधिसेन यांचा जन्म इ.स. ७०४ मध्ये दक्षिण भारतात भारद्वाज गोत्रातील ब्राह्मण कुळात झाला. मंजुश्री बोधिसत्त्वांच्या दर्शनाची तळमळ त्यांना चीनमधील वूताई पर्वताकडे घेऊन गेली. मंजुश्री तर जपानला गेले आहेत, असे त्यांना तेथे समजले, अशी कथा परंपरेत सांगितली जाते. पुढे चीनमध्ये आलेल्या जपानी राजदूतांनी त्यांना निमंत्रण दिले. इ.स. ७३६ मध्ये चिनी भिक्षू दाओशुआन आणि चंपा देशाचे बुत्तेत्सु यांच्यासह ते समुद्र ओलांडून जपानला पोहोचले. नानिवा बंदरावर, म्हणजे आजच्या ओसाका येथे, भिक्षू ग्योकी त्यांच्या स्वागताला आले. दोघे जुने स्नेही असावेत तसे भेटले. पुढे लोक ग्योकींनाच मंजुश्रींचा अवतार मानू लागले.

संकटाच्या काळातील सेवा

त्या वेळी जपानमध्ये देवीची भयंकर साथ पसरली होती. घरेच्या घरे ओस पडली होती. दरबारातील चार प्रभावशाली बंधूही इ.स. ७३७ मध्ये साथीत गेले. दर्शनासाठी निघालेला हा यात्रेकरू अशा भूमीत राहिला. नारा येथील दाइआनजी मठात राहून त्यांनी अवतंसक सूत्राचे नित्य पठण चालू ठेवले आणि शिष्य घडवले.

प्रजेच्या दुःखाने व्यथित झालेल्या सम्राट शोमू यांनी इ.स. ७४३ मध्ये महामूर्तीचा संकल्प केला. गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही या कार्यात सहभागी करून घ्यावे, अशी त्यांची आज्ञा होती. गोवर्धन उचलताना गोपांनी लावलेल्या काठ्यांचे येथे सहज स्मरण होते. ग्योकींनी गावोगावी फिरून लोकांना या कार्याशी जोडले. मूर्ती पूर्ण होण्यापूर्वीच, इ.स. ७४९ मध्ये, त्यांनी देह ठेवला.

नेत्रोन्मीलन

इ.स. ७५२ मध्ये नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे नेत्र उघडतात, तसाच हा विधी. सुमारे १० हजार भिक्षू जमले होते. मोठा कुंचला हाती घेऊन बोधिसेन यांनी नेत्र रेखले. कुंचल्याला लांबच लांब दोरा बांधलेला होता आणि उपस्थितांनी तो हाती धरला होता. हात एकाचा, पुण्य सर्वांचे!

बोधिसेन मायदेशी परतले नाहीत. इ.स. ७६० मध्ये पश्चिमेकडे मुख करून, हात जोडून त्यांनी देह ठेवला. नारा येथील र्‍योसेनजी मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी दाखवली जाते.

उरले काय?

इ.स. ११८० आणि १५६७ मधील आगींत मंदिर जळले आणि मूर्तीची मोठी हानी झाली. बोधिसेन यांनी रेखलेले नेत्र आज नाहीत. तो कुंचला आणि तो दोरा मात्र शोसोइन या प्राचीन भांडारात जपून ठेवला आहे. इ.स. ११८५ मध्ये पुन्हा नेत्र उघडताना हाच कुंचला वापरला गेला.

आपली सेवाही अशीच असते. केलेले काम काळाच्या ओघात पुसले जाईल. पण ज्या दोऱ्याने आपण इतरांना त्या कार्याशी जोडले, तो टिकतो. नारा येथे जाण्याचा योग आला, तर महाबुद्धांसमोर हात जोडताना या भारतीय यात्रेकरूचेही कृतज्ञतेने स्मरण करूया.