साने गुरुजींच्या गोष्टी

नातवंडांनी खरं बोलावं म्हणून आपण आजी-आजोबा मंडळी गोष्टी सांगतो. राजा हरिश्चंद्र ठरलेला, लाकूडतोड्याची कुऱ्हाडही ठरलेली. पण खरं बोलल्यावर सोन्याची कुऱ्हाड मिळते म्हटलं, की हल्लीची हुशार पोरं आधी व्याजाचा हिशेब करतात! साने गुरुजींच्या गोष्टीत असं बक्षीस नसायचं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घरात ओढाताण फार. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. पुढे गुरुजी एम.ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. छात्रालयही त्यांच्याकडेच होतं. मुलांनी अंथरुणं तशीच टाकली, तर ओरडण्याऐवजी ते स्वतःच घड्या घालून ठेवत. दुसऱ्या दिवशी मुलं आपणहून उठून आवरू लागत. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत, तेही रोजच्या रोज. शिकवून दमलेल्या माणसाने हे करावं, याचं मला आजही नवल वाटतं.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, दिवसाचं काम आटोपून त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. त्यात ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचं एक प्रकरण आहे. मोठं व्हायचं तर वाचायला हवं, वाचायला पुस्तक हवं आणि पुस्तकाला पैसे नाहीत, म्हणून श्याम चोरी करतो. आईपुढे ते उघडं पडतं. श्याम म्हणजे बऱ्याच अंशी गुरुजी स्वतःच. हजारो मुलं आपल्याला पूज्य मानतात हे ठाऊक असूनही त्यांनी ही चोरी झाकली नाही. पोहायला घाबरून लपलेला श्यामही तिथेच आहे. बँकेत रोकड जुळली नाही की आम्ही आधी स्वतःचीच नोंद तपासायचो; गुरुजींनी मुलांसमोर नेमकं तेच केलं. म्हणूनच चूक केलेल्या मुलाला श्याम परका वाटत नाही.

खरेपणा त्यांनी पुस्तकापुरता ठेवला नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये ते उपोषणाला बसले. तिथे टीका करणारे आपल्याच समाजातले होते. दहा दिवसांनी यश आलं. १९४८ च्या १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, आणि ११ जून १९५० रोजी ते गेले.

अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. पण प्रकाशभाई मोहाडीकरांनी गुरुजींच्या नावाने कथामाला सुरू केली, ते फारसं बोललं जात नाही. मुलांना जमवायचं आणि गोष्ट सांगायची, एवढंच तिचं भांडवल. आपल्या सोसायटीचा हॉल २४ डिसेंबरच्या संध्याकाळी रिकामा असेल, तर पहिली गोष्ट सांगायला मी तयार आहे. चटया मात्र मुलांनीच घालायच्या.