बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथुजी चौधरी (जन्म : असोदे, इ.स. १८८०, मृत्यू : जळगाव, ३ डिसेंबर १९५१) या खानदेशातील शेतकरी कुटुंबातील गृहिणी आणि मराठीतील श्रेष्ठ कवयित्री होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरकाम करताना सुचलेली गाणी त्या तोंडी रचत व म्हणत. त्यांच्या हयातीत त्यांच्या गाण्यांचा एकही संग्रह निघाला नाही. मृत्यूनंतर १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि कुटुंब व गावापुरते माहीत असलेले हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

== बालपण ==

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरात नागपंचमीच्या दिवशी झाला. वडिलांचे नाव उखाजी व आईचे नाव भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ व अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी असे त्यांचे भरलेले घर होते. शेतकऱ्यांच्या मुलींना शाळेत घालण्याची रीत त्या काळी खेड्यांत नव्हती. त्यामुळे बहिणाबाईंचे शिक्षण झाले नाही. जात्यावरच्या ओव्या, देवळातील भजन-कीर्तन, सणावारांची गाणी आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या म्हणी व कहाण्या यांतून त्यांच्या कानावर भाषेचे संस्कार झाले. असोद्याच्या आठवणी त्यांनी आयुष्यभर जपल्या. जळगावहून माहेरी जाणारी वाट, त्या वाटेवरची झाडे व दगडधोंडे आणि वाट तुडवतानाची ओढ हा त्यांच्या गाण्यांचा एक कायमचा विषय आहे.

== विवाह व संसार ==

वयाच्या तेराव्या वर्षी, १८९३ साली, जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नथुजी त्यांच्याहून वयाने बरेच मोठे होते. चौधरींचे कुटुंब एकत्र व शेती करणारे होते. ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी अशी बहिणाबाईंना तीन अपत्ये झाली.

अशा घरातील सुनेचा दिवस पहाटे जात्यापाशी सुरू होई. दळण, पाणी भरणे, सारवण, चूल, गुरांचे शेण-चारा आणि त्यानंतर शेतातले काम असा तो क्रम असे. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी ही सारी कामे बहिणाबाईंनी स्वतः केली होती. त्यामुळे त्यांच्या गाण्यांतील मोट, नांगर, खळे, जाते व चूल ही वर्णने कामकरी हाताच्या अनुभवातून आलेली आहेत. खळ्यावर बैल फिरवून धान्य मोकळे करणे, मग उंचावर उभे राहून ते वाऱ्यावर सोडणे आणि वारा पडला तर त्याची वाट पाहत थांबणे, हा क्रम त्या गाण्यांत कामाच्या तालासह उतरला आहे.

त्यांच्या तरुणपणीचा काळ खानदेशासाठी कठीण होता. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात प्लेगची साथ पसरली आणि १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. प्लेगच्या दिवसांत गावे ओस पडत आणि माणसे शेतांत, खळ्यांवर तात्पुरता निवारा करून राहत. बहिणाबाईंनी या साथीवरही रचना केली आहे. गावातल्या माणसांची भेट गावाबाहेर होऊ लागली, ही त्या काळाची खूण त्यांनी नेमकी टिपली.

== वैधव्य ==

वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी नथुजींचे निधन झाले. सोपानदेव त्या वेळी अगदी लहान होते. विधवेच्या वाट्याला येणारी सामाजिक बंधने, आर्थिक ओढाताण आणि तीन मुलांची जबाबदारी एकाच वेळी बहिणाबाईंवर आली. पुढची चाळीसेक वर्षे त्यांनी याच स्थितीत काढली. मुलांना वाढवले, शेती व घर सांभाळले आणि सोपानदेवांना शिकू दिले.

या दुःखावरील त्यांच्या रचनेत सौभाग्याच्या बाह्य खुणा गेल्याची वेदना आहे आणि त्याबरोबरच आपल्या मनगटातील कर्तृत्व शिल्लक असल्याची जाणीवही आहे. भविष्य सांगण्यासाठी दारी येणाऱ्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात, कारण आपले दैव आपण भोगून जाणले आहे असे त्यांचे म्हणणे आहे. देवावर त्यांची श्रद्धा होती. मात्र दैवाच्या नावाखाली हात बांधून बसणे त्यांना मान्य नव्हते.

== गाव व सणवार ==

बहिणाबाईंचे जग कुटुंबापुरते मर्यादित नव्हते. शेजारपाजार, नातलग, दारावर येणारे मागते व सोंगाडी यांच्या त्यांनी केलेल्या नोंदी गाण्यांत आढळतात. गावातील माणसांच्या स्वभावातील विसंगतीवर त्यांनी मिस्कील भाष्य केले. खानदेशात 'आखाजी' म्हणून साजरी होणारी अक्षय्य तृतीया हा माहेरवाशिणींचा सण. या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि थोड्या दिवसांनी परत जातात. बहिणाबाईंच्या गाण्यात त्या झोक्यांचा आनंद आहे व परतण्याची हुरहूरही आहे. पोळा, गुढीपाडवा या सणांवरही त्यांच्या रचना आहेत.

माहेराची एवढी ओढ असताना स्त्री सासरी का नांदते, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर विशेष प्रसिद्ध आहे. पुढच्या पिढीतील मुलीला परत येण्याजोगे घर असावे यासाठी आधीच्या पिढीतील स्त्री आपले घर राखते, असा त्याचा आशय आहे. कष्टाचे हे स्पष्टीकरण बहिणाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यालाही लागू पडते.

== काव्यरचना व तिची नोंद ==

बहिणाबाई ओवीच्या वळणाच्या छोट्या चरणांत रचना करीत. गाणे सुचे ते काम करताना, आणि लिहिता येत नसल्याने ते राही केवळ स्मरणात. सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणाबाईंनी त्या कथेवर गाणे रचले होते, अशी आठवण सांगितली जाते. तेव्हापासून सोपानदेव ही गाणी वहीत उतरवू लागले. त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीही काही गाणी टिपून ठेवली. ही दोन माणसे जवळ नसताना रचलेली अनेक गाणी मात्र कायमची नाहीशी झाली. आज उपलब्ध असलेली कविता हा बहिणाबाईंच्या एकूण रचनेचा केवळ एक भाग आहे.

मानवी मनाची चंचलता, जन्म-मृत्यू, संसारातील सुखदुःख, सुगरण पक्ष्याचे घरटे, जमिनीतून उगवणारा अंकुर असे विविध विषय त्यांनी हाताळले. नवीन गोष्टींविषयीही त्यांना कुतूहल होते. जळगावातील छापखान्यावर त्यांनी गाणे रचले. स्वतः निरक्षर असलेल्या या स्त्रीने कोऱ्या कागदाला छपाईने येणाऱ्या शहाणपणाचे त्यात कौतुक केले आहे.

== भाषा ==

बहिणाबाईंच्या गाण्यांची भाषा जळगाव परिसरात बोलली जाणारी लेवा गणबोली आहे. खानदेशातील अहिराणीशी तिचे काही बाबतींत साम्य असल्याने अनेकदा ही भाषा अहिराणी म्हणून ओळखली जाते. 'ळ'चा उच्चार 'य' होणे हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. 'शाळा'ची 'शाया' व 'डोळा'चा 'डोया' होतो. प्रमाण मराठीत रुळलेल्या वाचकालाही ही गाणी अर्थासह समजतात, याचे श्रेय त्यांतील रोजच्या जीवनातील प्रतिमांना दिले जाते. ग्रामीण बोलीत गंभीर चिंतन समर्थपणे मांडता येते, याचे उदाहरण म्हणून या गाण्यांचा उल्लेख केला जातो.

== प्रकाशन ==

सोपानदेव पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. आईची गाणी त्यांच्या वहीत होती, तरी ती साहित्यक्षेत्रापुढे ठेवण्याविषयी त्यांना संकोच वाटत होता. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ही वही आचार्य प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्रे अत्यंत प्रभावित झाले व ही कविता लोकांपुढे आणण्याचा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली आणि रसिकांनी व समीक्षकांनी तिचे मनापासून स्वागत केले. आपल्या गाण्यांना मिळालेला हा मान बहिणाबाईंना पाहता आला नाही.

== वारसा ==

१९६१ सालच्या 'मानिनी' या मराठी चित्रपटातून बहिणाबाईंची कविता गीतरूपाने घरोघरी पोहोचली. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कवितांचा समावेश होत आला आहे. त्यांच्या अनेक ओळी म्हणींप्रमाणे बोलण्यात वापरल्या जातात. वापरणाऱ्याला त्या कोणाच्या हे माहीत असतेच असे नाही. २०१८ साली जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असे नाव देण्यात आले. पिंपरी-चिंचवड येथील प्राणिसंग्रहालयही त्यांच्या नावाने ओळखले जाते. जळगावातील ज्या चौधरी वाड्यात त्यांचा संसार झाला, तेथे त्यांच्या स्मृती जतन करण्यात आल्या आहेत.